लीगल लाल

“दोन म्हणजे काय? दोन काय?” आमच्या क्लायंट मिस गोहनं विचारलं.

मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं होतो. समोरच्या पडद्यावर एक स्पॅनिश सिनेमा थांबवून ठेवला होता. छोट्या गावातलं घर, बैठकीच्या खोलीत शवपेटी, भोवती काळ्या कपड्यांतली माणसं. कोपऱ्यातल्या खुर्चीत मेलेल्या माणसाची म्हातारी आत्या बसलेली, तोंड अर्धवट उघडं. खाली इंग्रजी सबटायटल होतं. एकच शब्द. दोन.

“ती दोनच म्हणते,” सबटायटल लिहिणारी ऋजुता म्हणाली. “स्पॅनिशमध्ये ‘दोस’. दोस म्हणजे दोन.”

“ते कळलं. पण का म्हणते?”

“कारण दोन आहेत.”

“काय दोन आहेत?”

“ड्रेस.”

मिस गोहनं पडद्याकडे नीट पाहिलं. पडद्यावर एका बाईचा ड्रेस मरून होता, दुसरीचा लाल. बाकीच्या दहा-बारा जणी काळ्या कपड्यांत. “ड्रेस तर इथे सगळ्यांनीच घातलेत,” ती म्हणाली.

ऋजुतानं पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी आली. आमचा बॉस जेरेमी टॅन यानं माझ्याकडे मान वळवली. “कर्मा, पिक्चर साइड ओके?”

माझं आडनाव करमरकर. सिंगापूरला आल्यावर ऑफिसनं पहिल्याच आठवड्यात त्याचं कर्मा करून टाकलं. उच्चार सुधारायच्या फंदात मी पडलो नाही.

“पिक्चर लीगल आहे,” मी म्हणालो.

हे वाक्य पूर्ण खरं होतं. पुढे दोन दिवसांनी मी तेच वाक्य त्याच खोलीत पुन्हा म्हणालो, तेव्हाही ते पूर्ण खरं होतं. खोटं न बोलता खोटेपणा कसा करावा याचा नमुना म्हणून ते वाक्य जपून ठेवण्यासारखं आहे. मी ते काही वर्षं जपलंही. आता परत करतो.

मी कलरिस्ट होतो. आमच्या ब्लॉकमधल्या एका बाईंनी हे ऐकून मला मेंदी कोणती चांगली असं विचारलं होतं. तसला कलरिस्ट नव्हे. सिनेमा शूट झाला की त्याचे रंग जुळवावे लागतात. सकाळी घेतलेला शॉट आणि संध्याकाळी घेतलेला शॉट एकाच दुपारचे वाटायला हवेत. नटीचा चेहरा एका शॉटमध्ये गुलाबी आणि पुढच्यात कावीळ झाल्यासारखा दिसून चालत नाही. हे सगळं अंधाऱ्या खोलीत, महागड्या मॉनिटरसमोर बसून करायचं काम. मी मुंबईत एका लॅबमध्ये ते शिकलो आणि सिंगापूरला येऊन त्यावर म्हातारा झालो. ऑफिस जुरोंग ईस्टला, मॉलशेजारच्या इमारतीत. घर बुकित पंजांगला. मधली सगळी वर्षं अंधारात, एअरकंडिशनमध्ये.

आमच्याकडे विमानातल्या सिनेमांचं काम यायचं. प्रवाशापुढच्या सीटला जो छोटा पडदा असतो त्यावर दाखवायचे सिनेमे. मिस गोहची कंपनी ते एअरलाइन्सना पुरवायची. आम्ही तांत्रिक बाजू बघायचो. रंग, आवाज, सबटायटल.

आता ‘लीगल’ म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक पडद्याची रंग दाखवण्याची एक मर्यादा असते. त्यापलीकडचा रंग दिला की तो कडेनं फुटतो, पसरतो, साडीचा रंग धुण्यात जावा तसा शेजारच्यावर चढतो. म्हणून एक यंत्र रंग मोजतं. काचेवर एक गोल असतो, त्यात ठिपक्यांचा ढग. रंग जितका जोरदार, तितके ठिपके मध्यापासून लांब. ठरलेल्या हद्दीच्या आत असले की आम्ही म्हणतो, पिक्चर लीगल आहे. एवढाच अर्थ. तो रंग बरोबर आहे, दिग्दर्शकाला हवा होता तो आहे, असला काही दावा त्या शब्दात नाही. पण बाहेरच्या माणसाला तो शब्द कसा ऐकू येतो हे मला चांगलं ठाऊक होतं. वकिलानं सही केल्यासारखा.

त्या स्पॅनिश सिनेमात लाल रंग मोकाट सुटला होता. स्वयंपाकघराची भिंत लाल. टेलिफोन लाल. टोमॅटो लाल, ते ठीक. पाद्रीबाबांची सायकलसुद्धा लाल. ढग गोलाच्या बाहेर जाऊन हात हलवत होता. मिस गोहची सूचना एका ओळीची होती: लीगल करून द्या. त्यासाठी साधा उपाय असतो. सगळ्या सिनेमाचा रंग सारख्या प्रमाणात थोडा खाली उतरवायचा. कॉफी प्यायला जाऊन येईपर्यंत होतं. नवशिका माणूस तेच करतो.

मी नवशिका नव्हतो. मला अभिरुची होती.

आपल्याकडे ‘भडक’ हा शब्द फार कामाचा आहे. रंग भडक असतो, अभिनय भडक असतो, नाटकातला शेवट भडक असतो आणि शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्नही भडक असतं. एकाच शब्दात रंग आणि रडारड दोन्ही निकालात निघतात. त्याच्या विरुद्ध ‘संयत’. माझ्या लहानपणापासून घरात नटाला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे संयत. ज्याचा चेहरा हलला नाही तो थोर. ही शिकवण घेऊन मी स्पॅनिश मेलोड्रामाच्या समोर बसलो. सिनेमावाल्यांना आधी कळवायला हवं होतं.

दुसरं असं की मी आवाज बंद करून काम करायचो. “रंगाला भाषा लागत नाही,” हे माझं आवडतं वाक्य होतं. नव्या मुलांना मी ते ऐकवायचो. सबटायटलही पडद्यावर नसायचं, ते वेगळ्या खोलीत तयार व्हायचं.

तर आवाज बंद. सिनेमात नवरा मेला. त्याची बायको शवपेटीजवळ बसून रडतेय. अंगावर लालभडक ड्रेस. भोवती सगळे काळ्यात आणि ही एकटी लाल. मला ते डोळ्यांत खुपलं. मर्तिकाच्या घरात, साक्षात विधवा, आणि असला रंग? मी स्वतःशी म्हणालो, विमानात बायाबापड्या बघणार, दिसायला बरं दिसत नाही. मी फक्त तिचा ड्रेस निवडला. आमच्या यंत्रात तशी सोय असते. पडद्यावरची एक वस्तू धरून तेवढ्याच वस्तूचा रंग बदलता येतो. मी त्याचा मरून केला. छान, शांत, कुलीन मरून. माझ्या मावशीच्या शालूसारखा.

मग दार उघडलं आणि दुसरी बाई आत आली. तोच ड्रेस. तो ‘तोच’ आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला दिसली ती लिपस्टिक, उंच टाचा आणि मर्तिकाला लाल घालून आलेली बाई. ही कोण ते कळायला स्पॅनिश कशाला हवं? आपल्या सिनेमांनी आपल्याला इतकी वर्षं तेच तर शिकवलंय. तिचा लाल मी हद्दीत आणला, पण ठेवला लालच. तिला शोभत होता.

पुढे दोघी एका फ्रेममध्ये आल्या. तेव्हा मात्र घाम निघाला. दोघींभोवती वेगवेगळ्या चौकटी आखायच्या, त्या हलल्या की चौकटीही हलवायच्या, एकीचा लाल दुसरीच्या मरूनवर सांडू द्यायचा नाही. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या तेव्हा मी त्यांना मनातून शिव्या घातल्या. सगळी दुपार त्यात गेली. दिग्दर्शकानं दोन ड्रेस एकसारखे दिसावेत म्हणून जे काही कष्ट घेतले असतील, ते मी एका दुपारी, एकट्यानं, कुणी न सांगता पुसून टाकले. काम उत्तम झालं होतं. जोड दिसत नव्हता.

ऋजुता आमच्याकडे सबटायटल करायची. पुण्याची, तिशीच्या आतली. तिनं पुण्यात स्पॅनिश शिकून एम.ए. केलं होतं. वडिलांना इंजिनियर हवी होती. सिंगापूरची नोकरी लागली तेव्हा वडिलांनी नातेवाइकांना “आयटीमध्ये” असं सांगितलं होतं. तिचं नाव जेरेमीला मीच सुचवलेलं. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून ती दुपारी हॉकर सेंटरला माझ्याबरोबर जेवायला यायची. तिचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. तो कंपनीनं अर्ज केला तरच पुढे वाढतो. “नाही वाढला तर बाबा काही बोलणार नाहीत,” ती एकदा म्हणाली होती. “नुसते बघतील. ते जास्त वाईट.”

हा सिनेमा तिच्याकडे आला तेव्हा ती खूश होती. डोसा खाता खाता मला समजावत होती, “काका, ह्या लोकांचं आपल्यासारखं नाही. आपल्याकडे रडायचा सीन आला की विनोदी नट बाहेर जाऊन उभा राहतो. ह्यांच्याकडे माणूस खरं खरं, जीव तोडून रडत असतो आणि मागची भिंत डोळा मारत असते. रंग इतका मोठ्यानं बोलतो की तुम्हांला रडूही येतं आणि हसूही. एक काढलं की दुसरं पडतं. आत्याचा सीन बघितलात ना?”

“बघितला,” मी म्हणालो. बघितला होताच. आवाज बंद करून.

“टाइप करताना मी एकटीच हसत होते.”

“भडक आहे जरा.”

“भडकच आहे. त्यासाठीच तर आहे.”

मी चटणी मागितली.

आता पहिल्या मीटिंगनंतरच्या दिवसाकडे येतो. सकाळी ऋजुता माझ्या अंधाऱ्या खोलीत लॅपटॉप घेऊन आली. सबटायटल करणाऱ्यांना सिनेमाची एक हलकी कॉपी देतात. फाइल लहान, चित्र धुरकट, कोपऱ्यात आकडे पळतात. तिला प्रॉक्सी म्हणतात. रंगाचं काम सुरू होण्याआधीच ती काढलेली असते.

तिनं लॅपटॉप माझ्या मॉनिटरशेजारी ठेवला. “काका, हे बघा. माझ्या कॉपीत दोघींचा ड्रेस एकच आहे.”

मग तिनं आवाज लावला आणि एकेक वाक्य मराठीत सांगितलं. विधवा रडत म्हणते, त्यानं हा ड्रेस माझ्या वाढदिवसाला आणला, म्हणाला, असा लाल अख्ख्या स्पेनमध्ये एकच आहे, मी मेल्यावर हाच घाल. गर्दी मुसमुसते. दार उघडतं. दुसरी बाई येते, तोच ड्रेस घालून. सगळे गप्प. विधवेचं रडणं अर्ध्यावर थांबतं. आणि कोपऱ्यातून आत्या म्हणते, “दोन.”

मी हसलो. खरंच हसलो, आपोआप. आणि हसता हसता माझी नजर शेजारच्या मॉनिटरवर गेली. तिथे माझी कुलीन मरून विधवा बसली होती.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. माझ्या चौकटी काढून टाकायच्या, दोन्ही ड्रेस सारखे खाली उतरवायचे. पण मग जेरेमीला सांगावं लागलं असतं. क्लायंटला न विचारता कथेतली गोष्ट बदलायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मला काही कुणी काढून टाकणार नव्हतं. निवृत्तीच्या वयानंतर मला वर्षावर्षानं ठेवून घेतलं होतं आणि मी तसाही जाणारच होतो. फार तर लोक हसले असते. कर्मा अंकलनं विधवेला नीट कपडे घातले, असं म्हणून पँट्रीत महिनाभर हसले असते. सिनेमातला विनोद मारून टाकल्यावर माणसाला हशाची एवढी भीती वाटावी हे मात्र मला तेव्हा विनोदी वाटलं नाही.

“प्रॉक्सी आहे ती,” मी म्हणालो. “प्रॉक्सीवरून रंग ठरवायचा नसतो.”

हेही खरंच आहे. कुठल्याही कलरिस्टला विचारा.

“पण संवाद तरी बघा ना. एकच आहे, दोन आहेत...”

“मूळ फाइलमध्ये जो रंग असेल तोच मी हद्दीत आणला. शॉट वेगवेगळ्या दिवशी घेतलेले असतात. फरक येतो.”

“एवढा?”

“लालमध्ये येतो. लाल फार नाठाळ रंग आहे.”

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्या खोलीतला उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, डोळ्यांनी रंग नीट पारखावा म्हणून. चेहरे त्यात नीट दिसत नाहीत. त्या दिवशी ती सोय उपयोगी पडली. “बरं,” ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटून गेली.

त्यानंतरच्या दिवशी दुसरी मीटिंग. विमानातल्या सिनेमांची त्या महिन्याची यादी संध्याकाळी बंद होणार होती. मिस गोहला घाई होती.

जेरेमीनं ऋजुताला विचारलं, “हा शब्द बदलता येईल ना?”

“आत्या दोन म्हणते. मी तिच्या तोंडात तीन घालू शकत नाही.”

“तीन कोण मागतंय, लाह? आय जस्ट वॉन्ट समथिंग दॅट मेक्स सेन्स.”

“पडद्यावर ड्रेस सारखे असते तर सेन्स लागला असता.” हे तिनं जेरेमीला सांगितलं, पण बघत माझ्याकडे होती.

जेरेमीही माझ्याकडे वळला. “कर्मा? पिक्चरमध्ये काही प्रॉब्लेम?”

खोलीत अगदी आत्याच्या वाक्याआधी असावी तशी शांतता होती. ऋजुताचा फोन टेबलावर पालथा पडला होता आणि तिचा हात त्याच्यावर होता. एवढं मला आठवतं.

“पिक्चर लीगल आहे,” मी म्हणालो.

मिस गोहनं सुटकेचा श्वास टाकला. चित्र कायदेशीर असल्यावर राहिलं कोण? ऋजुता. पण मी तिथेही थांबलो नाही. मला मदत करायची होती. “म्हातारी बाई आहे,” मी म्हणालो. “भाचा गेलाय, घरात असा प्रकार घडतोय. अशा वेळी म्हातारी काय म्हणेल? ‘अरे देवा’ म्हणेल. तेच लिहू या. ओ गॉड.”

“सी?” मिस गोह म्हणाली. “नाऊ आय अंडरस्टँड.”

“ती तसं म्हणत नाही,” ऋजुता म्हणाली.

“युअर स्पॅनिश व्हेरी लिटरल,” जेरेमी तिला समजुतीच्या सुरात म्हणाला. “अंकल इतकी वर्षं या धंद्यात आहे. त्याला फील आहे.”

मला फील होता. तो शब्द ऐकून मी मान थोडी खाली घातली, नम्रपणे.

सबटायटल बदललं. मिस गोहनं जाताना सांगितलं की पुढच्या स्पॅनिश सिनेमांना जरा अनुभवी माणूस द्या. जेरेमी वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे स्पॅनिशचं काम मुख्यतः मिस गोहकडूनच यायचं, आणि तिला ऋजुता नको होती. त्यानं पासचा अर्ज केला नाही. एवढंच. इथे कुणी कुणाला ओरडून काढत नाही. अर्ज होत नाही आणि माणूस सामान बांधतो.

शेवटच्या दिवशी पँट्रीत केक कापला. मी ऋजुताला म्हणालो, पुण्यात काही ओळख लागली तर सांग. ती म्हणाली, “काका, तो सिनेमा एकदा बघा.”

“अगं, बघितलाय.”

“तसा नाही,” ती म्हणाली आणि केकची प्लेट माझ्या हातात देऊन दुसरीकडे गेली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी मी आणि मंदा, म्हणजे माझी बायको, पुण्याला एका लग्नासाठी निघालो. विमानात मंदानं सीटसमोरच्या पडद्यावर सिनेमे चाळले आणि नेमका तोच लावला. मी तिला दुसरे तीन-चार सुचवले. तिनं इयरफोन घातले. मी पेपर उघडला आणि पेपरावरून तिच्या पडद्याकडे बघत राहिलो.

आत्याचा सीन आला. मंदा हसली नाही. तिनं पर्समधून रुमाल काढला.

“बिचारी,” ती म्हणाली. “आणि ती सटवी बघा. मर्तिकाला लाल घालून आलीय.”

माझं काम किती चोख झालं होतं याची ती पावतीच होती. दिग्दर्शकानं एका मेलेल्या नवऱ्याची फजिती केली होती. मी ती सोडवून दोघी बायकांवर टाकली. एक सोशीक, एक सटवी. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या सिनेमात खपून गेली असती अशी जोडी.

मग मंदानं एक इयरफोन काढला. “एक सांगा. तो म्हणाला होता ना, असा ड्रेस अख्ख्या स्पेनमध्ये एकच आहे? ह्यात एकच काय आहे? असल्या मरून साड्या माझ्याकडेच तीन आहेत.”

मी पेपर वाचत होतो.

“आणि ही म्हातारी ‘अरे देवा’ कुठे म्हणतेय? ‘दोस’ असं काहीतरी म्हणतेय. अहो, दोस म्हणजे?”

मंदाला स्पॅनिशचा गंध नाही. पण तिनं आवाज लावला होता.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मीटिंगसकट. तिनं सिनेमा थांबवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटची नावं वर सरकायला लागली तेव्हा म्हणाली, “तुम्ही संसारही असाच बघितलात. आवाज बंद करून.” त्या नावांमध्ये सबटायटलसाठी ऋजुताचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं. विमानाच्या कॉपीसाठी रंग उतरवणाऱ्याचं नाव घालत नाहीत.

यानंतर कुठलाही सभ्य माणूस गप्प बसला असता. मी उलट त्याचा किस्सा केला. कुणाच्या घरी गणपतीला, कुणाच्या गृहप्रवेशाला, सिनेमाचा विषय निघाला की मी सुरू व्हायचो. आमच्या ऑफिसात एक सबटायटलवाली मुलगी होती, आत्या ‘अरे देवा’ म्हणत होती आणि हिनं लिहिलं ‘दोन’. लोक खूप हसायचे. त्या सिनेमातला विनोद मारून मी त्यातूनच एक नवा विनोद काढला होता, आणि तो ‘दोन’ या शब्दावरच चालत होता. मंदा अशा वेळी स्वयंपाकघरात मदतीला निघून जायची.

गेल्या महिन्यात मरीन परेडला एका कोंडोच्या फंक्शन रूममध्ये ओळखीच्यांचं स्नेहभोजन होतं. जेवण झाल्यावर यजमान म्हणाले, “करमरकर, तो ‘दोन’चा किस्सा सांगा ना. आमच्या पाहुण्यांनी ऐकलेला नाही.”

मी खुर्ची पुढे ओढली. ह्या वेळी मंदा उठली नाही. ती शेजारीच बसली होती, पान लावत. “सांगा,” ती म्हणाली. “पण आज आवाज लावून सांगा.”

यजमानांना काही कळलं नाही. ते हसले. मी म्हणालो, घसा बसलाय. पाहुणे म्हणाले, मग पुढच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी मी ऋजुताला फोन केला. ती पुण्यात एका कंपनीत आहे. मेक्सिकोतल्या गिऱ्हाइकांच्या पंपांबद्दलच्या तक्रारी इंग्रजीत आणते.

“काका? किती दिवसांनी. काय म्हणतोय लाल रंग? अजून नाठाळच?”

मी म्हणालो, “ऋजुता, ते ड्रेस...”

“एकच होते.”

“हो. मी बदलला होता एक.”

“माहितीय मला. प्रॉक्सीतल्या ड्रेसचा आणि पोस्टरचा, दोन्ही फोटो फोनमध्ये होते माझ्या. मूळ सिनेमाच्या पोस्टरवर दोघी शेजारी शेजारी उभ्या आहेत, काका. ते तर काही प्रॉक्सी नव्हतं.”

“मग त्या दिवशी मीटिंगमध्ये दाखवलं का नाहीस?”

“दाखवणारच होते. पण जेरेमीनं तुम्हांला विचारलं. म्हटलं, आता काका बोलतील, कशाला चारचौघांत त्यांचं... मी थांबले.” ती हसली, तसं बरं हसणं नव्हतं ते. “आणि तुम्ही बोललात.”

मी म्हणालो, मी जेरेमीला कळवतो. तिनं सांगितलं, कळवा. मी कळवलं. जेरेमीचं उत्तर आलं: अंकल, लाँग टाइम ऑलरेडी, क्लायंट हॅपी व्हॉट. सिनेमा कधीच विमानातून उतरला होता. दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं.

फोनवर मी तिला विचारलं होतं, मी काय करू? मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या काका. आपल्याकडे म्हणतात तसं.

“पासचं जाऊ द्या,” ती म्हणाली. “बाबांनी बघायचं तेवढं बघून घेतलं. पण त्या ‘अरे देवा’खाली माझं नाव आहे. मी आयुष्यात इतकं वाईट भाषांतर केलेलं नाही. ते कुठेतरी लिहा.”

म्हणून हे लिहिलं. अनुभवकथन म्हटलं की शेवटी तरुणांना काही सांगायची पद्धत आहे, तर नव्या कलरिस्टना सांगतो: काम हातात घेण्याआधी सिनेमा एकदा आवाज लावून बघावा. दीड-दोन तास जातात. मी ते वाचवले होते.

आणि नोंदीसाठी: त्या सिनेमात दोन्ही ड्रेस लाल आहेत, सारखेच लाल, दोन्ही भडक. आत्या ‘दोन’ म्हणते. ते भाषांतर बरोबर होतं आणि ते ऋजुताचं होतं. ‘अरे देवा’ माझं.